भूगोलाच्या मास्तरांना घेऊन फुजीला

बाबांनी एकतीस वर्षं साताऱ्याकडच्या शाळांमधे भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा धडा आला की ते फळ्यावर दोन रेघांत फुजी काढायचे, डावी रेघ वर, उजवी खाली, टोकावर खडू आडवा घासून बर्फ, आणि खाली लिहायचे 'फुजियामा, ३७७६ मी.' दोन वर्षं मीपण त्या वर्गात होते त्यामुळे ते चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. दादा टोकियोला गेल्यापासून "एकदा येऊन जा" चाललेलंच होतं, शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरात मी आणि बाबा जाऊन आलो. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते, त्यामुळे ती नाही आली, मावशी येऊन राहिली तिच्याजवळ. बाबांची एकच मागणी होती, बाकी काय दाखवायचं ते दाखवा पण फुजी जवळून बघायचाय.

पहिला दिवस : निशिकासाई

विमान, इमिग्रेशन सगळं सुरळीत. दादा राहतो निशिकासाईला, टोकियोच्या पूर्वेला, तिथे आपली माणसं इतकी आहेत की संध्याकाळी बागेत गेलो तर दोन बाकांवरून मराठी ऐकू आलं. बाबा एका नाशिकच्या आजोबांशी तासभर बोलत बसले, तेपण मुलाकडे आलेले. वहिनीने पिठलं भात केला होता, खाऊन लवकर झोपलो.

टूर आधीच बुक केलेली. स्वतःच्या स्वतः ट्रेन-बसनेही जाता येतं, पण फुजीच्या पायथ्याशी जी पाच तळी आहेत त्या भागात लोकल बसेसना गर्दी असते, एक बस गेली की दुसरी यायला बराच वेळ जातो, आणि बाबांचं वय ७१, त्यामुळे गाईडेड बस टूरच घेतली आणि तो निर्णय बरोबर ठरला. बुकिंग करताना आदल्या दिवसापर्यंत फुकट कॅन्सल होणारी टूर घ्या. फुजीभोवती लाइव्ह कॅमेरे आहेत, नेटवर बघायला मिळतात, आदल्या दोन-तीन दिवसांत त्यावर नजर ठेवा, हवामानाच्या अंदाजापेक्षा त्याचा उपयोग जास्त. आणि शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, हवा कोरडी असते, डोंगर दिसायची शक्यता पुष्कळ वाढते. उन्हाळ्यात आठवडा आठवडा ढगात असतो म्हणे.

दुसरा दिवस : बस निघाली

शिंजुकूहून आठला बस. आम्ही साडेसातलाच हजर, कारण जपानात आठ म्हणजे आठ. बसमधे तीसेक लोक, मलेशियाचं एक मोठं कुटुंब, ब्राझीलचं एक जोडपं, बाकी एकेकटे. आमच्या गाईडबाई साठीच्या आसपासच्या, बारीक, गळ्यात जांभळा स्कार्फ, हातात छोटा झेंडा. त्या मूळच्या फुजीच्या पायथ्याच्याच, फुजियोशिदा गावच्या. मला वाटलं नव्हतं की दिवसभरात सगळ्यात जास्त लक्षात राहील ती ही बाई.

बस हायवेला लागल्यावर त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती नावाची. फुजियामा म्हणू नका, आम्ही कोणी तसं म्हणत नाही, फुजी-सान म्हणतो. आणि हे सान म्हणजे माणसाच्या नावापुढे आदराने लावतात ते नाही, डोंगराच्या चित्राक्षराचा 'यामा' हा एक उच्चार आणि 'सान' हा दुसरा. बाबांनी खिशातली छोटी वही काढून लगेच लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, एकतीस वर्षं चुकीचं शिकवलं मी पोरांना." मी म्हणलं बाबा पुस्तकातच तसं होतं. तरी ते थोडा वेळ गप्पच बसले, त्यांना ते खरंच लागलं होतं.

दीडेक तासाने एक बोगदा संपला आणि तो समोर आला. काही तयारी नाही, काही नाही, झाडांच्या वर एकदम आख्खा डोंगर. बसमधे सगळ्यांचा एकदम आवाज झाला. मी बाबांकडे बघितलं तर त्यांनी फोन काढला नव्हता, दोन्ही हात पुढच्या सीटवर ठेवून नुसते बघत होते. मला भीती होती की इतकी वर्षं वाट बघून ढगच दिसले तर काय, पण आकाश स्वच्छ निळं होतं. बर्फ मात्र कमी, टोकावर पातळसा. बाई म्हणाल्या यंदा पहिला बर्फ ७ नोव्हेंबरला दिसला, १८९४ पासून नोंदी ठेवतायत त्यात इतका उशीर कधीच झाला नव्हता, एरवी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच दिसतो. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. लहानपणी शाळेत जाताना बर्फ दिसला की घरी येऊन आजीला पहिली बातमी कोण देणार याची शर्यत असायची म्हणे.

अराकुरायामा

पहिला थांबा अराकुरायामा सेनगेन पार्क, तो लाल पाच मजली पॅगोडा आणि मागे फुजी हा फोटो सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलेला असतोच. पॅगोडा जुना वाटतो पण आहे १९६० च्या दशकातला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेला. तिथे जायला ३९८ पायऱ्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर बाजूने वळणावळणाचा चढाचा रस्ता आहे, तो घ्या, थोडा लांब पडतो पण दम लागत नाही. बाबा अजिंक्यतारा रोज चढणारे, ते पायऱ्यांनीच गेले आणि माझ्या आधी वर पोचले. वर फोटोच्या कट्ट्यावर रांग असते, आम्हाला वीस मिनिटं लागली. रांग शिस्तीत, कोणी ढकलत नाही. मेपल लालभडक झालेले, थंडी सात-आठ डिग्री असेल पण ऊन छान.

बाबा डोंगराच्या दोन्ही बाजू निरखत होते. मग त्यांनी बाईंना विचारलं, म्हणजे मी इंग्रजीत विचारलं, की १७०७ चा स्फोट कुठून झाला, त्याचं विवर कुठाय. बाई थबकल्या. म्हणाल्या इतक्या वर्षांत हा प्रश्न मला फार कमी लोकांनी विचारलाय. होएई विवर डोंगराच्या आग्नेय अंगाला आहे, आपण उत्तरेला उभे आहोत त्यामुळे इथून दिसणारच नाही. उद्या कुठे जाणार तुम्ही? म्हणलं क्योतो, शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने. मग उजवीकडची खिडकी घ्या, त्या म्हणाल्या, आणि बाबांच्या वहीत स्वतः पेनाने जागा काढून दिली. तिथून पुढे दिवसभर त्या बाबांना ओतोसान म्हणत होत्या, म्हणजे बाबाच.

कावागुची तळं आणि जेवण

पाच तळ्यांपैकी यामानाका सगळ्यात मोठं, मोतोसु सगळ्यात खोल, आणि लोकांची गर्दी सगळ्यात जास्त कावागुचीला. आम्ही गेलो ते उत्तर काठावर, ओइशी पार्कला. समोर तळं, पलीकडे फुजी, मधे काहीच नाही. जून-जुलैत इथे लव्हेंडर असतं, ऑक्टोबरात लाल कोकियाची झुडपं, आम्ही गेलो तेव्हा दोन्ही नव्हतं, पण काठाकाठाने मेपलची रांग पेटल्यासारखी होती. वारा सुटल्यामुळे पाण्यात प्रतिबिंब नाही मिळालं, त्यासाठी पहाटे यावं लागतं म्हणजे एक रात्र इथेच राहावं लागतं. ब्लूबेरीचं सॉफ्ट आईस्क्रीम मात्र थंडीतसुद्धा खाच.

आता जेवणाचं. बाबा माळकरी आहेत, तीस वर्षांपासून गळ्यात माळ. बुकिंग करताना मी शाकाहारी म्हणून खूण केली होती, उलट मेलही आला होता की नोंद घेतली आहे. पण ती नोंद हॉटेलपर्यंत पोचलीच नव्हती. या भागातला खास पदार्थ म्हणजे होतो, रुंद चपट्या नूडल्स, लाल भोपळा, बटाटा, गाजर, मशरूम सगळं मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रश्शात लोखंडी भांड्यात उकळतं समोर येतं. बघायला पूर्ण शाकाहारी, पण रस्सा असतो सुक्या माशांच्या पाण्याचा. जपानात शाकाहारी लोक इथेच फसतात. भाजी दिसते, मासा दिसत नाही. त्यामुळे नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, मासा नको आणि माशाचं 'दाशी', म्हणजे ते पाणी, तेपण नको असं वेगळं सांगावं लागतं, जपानीत लिहून घेतलेला कागद जवळ ठेवा, वहिनीने आम्हाला दिला होता.

तो कागद मी बाईंना दाखवला. त्यांनी वाचला, बाबांच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं, हे काय आहे विचारलं. मी सांगितलं की तुळशीची माळ आहे, घातली की मांस मासे आयुष्यभर बंद. त्या उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. दारातून मला दिसत होतं, मिसोच्या पिशवीवरचं बारीक अक्षर डोळ्यांजवळ धरून वाचत होत्या. त्यात माशाची पूड निघाली. मग आतल्या स्वयंपाकीण आजींनी त्यांच्या स्वतःच्या जेवणासाठी ठेवलेला दुसरा साधा मिसोचा डबा काढला, आणि नुसत्या पाण्यात भाज्या शिजवून बाबांचं वेगळं भांडं लावलं. बसमधल्या सगळ्यांना पन्नास मिनिटं होती, बाईंचं स्वतःचं जेवण या सगळ्यात राहून गेलं, शेवटी त्यांनी पिशवीतून एक भाताचा गोळा काढून उभ्याउभ्या खाल्ला. मी किती वेळा सॉरी म्हणलं, त्या म्हणाल्या माझ्या गावात आलेला माणूस उपाशी जाणार नाही.

भांडं आलं. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले "चकोल्या!" आणि खरंच चकोल्या, वरणफळं. मी नंतर विचारलं तर कळलं की नूडल्सचं पीठ मळताना मीठ घालत नाहीत आणि त्या वेगळ्या उकडतही नाहीत, कच्च्याच रश्शात सोडतात, म्हणून पिठाने रस्सा दाट होतो. आपणही तेच करतो की, वरणात कच्च्या पोळीचे तुकडे. तिथे दुपारचा एक म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेनऊ, बाबांनी लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि भांड्यात कॅमेरा धरला. आई म्हणाली, "आमसूल घातलंय का?" बाबा म्हणाले नाही, पण भोपळा आहे. आई म्हणाली मग फोडणी तरी दिली असेल. तीही नव्हती. पण बाबांनी भांडं तळापर्यंत संपवलं, आजी बाहेर येऊन बघून गेल्या, बाबांनी हात जोडले, त्यांनी वाकून नमस्कार केला, दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं.

लाव्हाच्या आत

दुपारी ढग आले आणि फुजी गेला. बसमधले बरेच जण हिरमुसले. आम्हाला मात्र दिवसातला सगळ्यात मोठा भाग यानंतर मिळाला.

इ.स. ८६४ मधे फुजीच्या वायव्य उतारावरून लाव्हा खाली आला. तेव्हा इथे सेनोउमी नावाचं एक मोठं तळं होतं, ते लाव्हाने भरत गेलं आणि उरलेल्या तुकड्यांची साई आणि शोजी ही दोन तळी झाली. त्या थंड झालेल्या लाव्हावर पुढे जे जंगल वाढलं ते आओकिगाहारा. आत शिरलं की जमीन म्हणून काही नाहीच, काळा सच्छिद्र खडक, त्यावर शेवाळ, आणि झाडांची मुळं खाली जायला जागा नाही म्हणून पृष्ठभागावरच पसरलेली, सापांसारखी एकमेकांत. आवाजच नाही. पक्षी नाही, ओढा नाही.

बाबा वाकले, हात टेकवला खडकावर. "बेसॉल्ट," म्हणाले. "आपलाच दगड." जपानातले बहुतेक ज्वालामुखी वेगळ्या जातीच्या दगडाचे, अँडेसाइटचे, फुजी मात्र मुख्यतः बेसॉल्टचा, सह्याद्रीसारखा. फक्त आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा खडक साडेअकराशे वर्षांचा. "हा वाहत होता तेव्हा वेरूळचं कैलास लेणं खोदून शंभर वर्षं झाली होती," ते म्हणाले, आणि मला खरोखर अंगावर काटा आला, कारण एकाच दगडात आपल्याकडे देऊळ कोरून झालं होतं तेव्हा इथे तो दगड अजून तयारच व्हायचा होता. त्यांनी एक खडा उचलला, पण बाई म्हणाल्या हे नॅशनल पार्क आहे, दगड न्यायचा नाही, तर लगेच होता तिथे नीट ठेवला. मग बोटांनी त्याची छिद्रं दाखवत मला सांगत होते, आपल्या दगडातही अशीच वायूची छिद्रं होती, पण कोट्यवधी वर्षांत पाणी झिरपून ती भरून गेली, तेच आपले झिओलाइटचे स्फटिक, जे पुण्याजवळच्या खाणींत सापडतात. हा अजून तरुण आहे, याची छिद्रं मोकळी आहेत.

तिथेच फुगाकु नावाची वाऱ्याची गुहा आहे, लाव्हातच तयार झालेली, २०१ मीटर लांब. आत बारा महिने तीन डिग्रीच्या आसपास. बाबांना हवा होता तो दोरखंडी लाव्हा इथे पायाखाली दिसला, वळलेल्या दोरांसारखा गोठलेला, त्यांनी आयुष्यभर शब्दांतच शिकवलेला. पुढे जुनी फळ्यांची मांडणी आहे. फ्रीज नव्हते तेव्हा रेशमाच्या किड्यांची अंडी इथल्या थंडीत ठेवायचे, म्हणजे ती हवी तेव्हाच फुटावीत, तुतीला पाला आल्यावर. बाई तिथे थांबल्या. त्यांच्या आजीकडे रेशमाचे किडे होते, रात्री माळ्यावरून पाला खाण्याचा आवाज यायचा, पाऊस पडतोय असा, म्हणाल्या.

गुहेत जाणार असाल तर ग्रिप असलेले बूट घाला, फरशी ओली असते, काही ठिकाणी वाकावं लागतं, जाकीट काढून बसमधे ठेवू नका. गुडघे ठीक असतील तर पंधरा-वीस मिनिटांत होते, शेजारी नारुसावाची बर्फाची गुहा आहे ती जास्त उभी आणि अरुंद, ज्येष्ठांना फुगाकुच बरी.

ओशिनो हाक्काई

आपण लाव्हात ओढा नाही बघितला, मग पाणी जातं कुठे? शेवटचा थांबा म्हणजे त्याचं उत्तर. फुजीवरचा पाऊस आणि वितळलेला बर्फ त्या छिद्रांतून आत मुरतो, कित्येक वर्षं डोंगराच्या पोटात फिरतो आणि ओशिनो गावात आठ कुंडांतून वर येतो. पाणी बारा महिने तेरा डिग्रीच्या आसपास, इतकं स्वच्छ की खोली कळत नाही. वाकुइके नावाच्या कुंडात तळाशी पाणी उसळताना वाळू हलताना दिसते. गर्दी असते ती मधल्या मोठ्या गोल तळ्याभोवती, पण ते आठातलं नाहीच, ते माणसाने केलेलं आहे, त्यामुळे तिथे फोटोत वेळ घालवू नका, कडेकडेची छोटी कुंडं शोधा. नाणी टाकू नका, पाणी खराब होतं, पाट्या लावल्यात तरी लोक टाकतात आणि ते बघून फार वाईट वाटतं.

फुजी डोंगर २०१३ साली जागतिक वारसा झाला तो निसर्ग म्हणून नाही, संस्कृती म्हणून, आणि ही आठ कुंडंही त्या वारशात आहेत. जुन्या काळी पांढरे कपडे घातलेले यात्रेकरू डोंगर चढायच्या आधी इथे आठही कुंडांवर स्वतःला शुद्ध करून घ्यायचे. बाबा म्हणाले, "म्हणजे आधी चंद्रभागा, मग दर्शन." कार्तिकी होऊन आठवडा झाला होता, यंदा त्यांची पंढरपूरची फेरी या ट्रिपमुळे चुकली होती, आणि ती रुखरुख त्यांनी मला तोपर्यंत सांगितलीच नव्हती. जिथे पाणी प्यायची सोय आहे तिथे त्यांनी ओंजळीने पाणी घेतलं, थोडं डोळ्यांना लावलं. बाई शेजारी उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

इथे निखाऱ्यावर भाजलेला हिरवा मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, मिळतो, आत गोड लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण, शाकाहारी, गरम गरम खायचा. छोट्या दुकानांत रोखच चालते, सुट्टे येन ठेवा. मला परत आलेल्या सुट्ट्यांत हजाराची जुनी नोट आली, तिच्या मागे मोतोसु तळ्यावरून दिसणारा फुजी आहे. बाबांनी ती वहीत ठेवली. आणि एक कचऱ्याची पिशवी जवळ असू द्या, डबे कुठेच नसतात.

परतीला ट्रॅफिक लागला, शिंजुकूला पोचायला सात वाजले. उतरताना बाबांनी बाईंना आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. त्यांनी झाकण उघडलं, आधी माझ्याकडे बघून विचारलं, यात मासा नाही ना? मग त्या आणि बाबा दोघेही हसत सुटले.

तिसरा दिवस : उजवीकडची खिडकी

सकाळी क्योतोची शिनकानसेन. टोकियोहून निघताना फुजी उजवीकडे येतो, म्हणून ई नंबरची सीट मागून घ्या. मोठी बॅग असेल, लांबी रुंदी उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर, तर तिच्यासाठी जागा आधी बुक करावी लागते.

चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी शिन-फुजीच्या आसपास डोंगर आला. डोक्यावर ढग होता, टोक दिसतच नव्हतं. पण उजव्या खांद्यावर एक मोठा खळगा आणि त्याच्या कडेला एक फुगवटा, अगदी बाईंनी वहीत काढून दिलेला तसा. "होएई," बाबा म्हणाले. डिसेंबर १७०७ मधे सुरू होऊन १ जानेवारी १७०८ पर्यंत सोळा दिवस ते धुमसत होतं, राख पार एडोवर, म्हणजे आजच्या टोकियोवर पडली. "आणि त्याच जानेवारीत साताऱ्याला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला," बाबा खिडकीला कपाळ लावून म्हणाले. "इकडे राख पडत होती तेव्हा आपल्या गावात त्याची तयारी चाललेली असणार." शिकवताना १७०७ हा आकडा इतिहासाच्या तासाला वेगळा यायचा आणि भूगोलाच्या तासाला वेगळा.

दोन-तीन मिनिटांत नदीचा पूल आला, मग कारखान्यांच्या चिमण्या, आणि डोंगर मागे गेला. वहिनीने दिलेला दशम्यांचा डबा मी उघडला. बाबांनी वहीचं कोरं पान काढलं, डावी रेघ वर नेली, उजवी खाली आणताना खांद्यापाशी थांबवली, तिथे खळगा काढला, मग पुढे नेली. खाली लिहिलं, फुजी-सान, ३७७६ मी.